दार त्याच्या समोरच

डोणगाव,
२० नोव्हेंबर २०२३

चि. देवानंद यास,
ताईचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद वि. वि.

तुह्या कानाची मशीन पुन्हा बिघडली असं तुह्या प्रसेनजितनं सांगितलं. म्हणजे फोनचा उपयोग नाही. मोबाईलवर लिहून पाठवलं तं सूनबाई आधी वाचते, आन् माह्या घराची बातमी तुह्या आधी साऱ्या अमडापूरले कळते. म्हणून कागदावर लिहून राह्यली. हे पत्र तूच फोड.

घराचा पाया खोदायले घेतला. नोकरी संपल्यावर ही जागा घेतली तेव्हाच तू म्हणाला होता का, त्या गल्लीत आपल्या समाजाचं एकही घर नाही, विचार कर. विचार केला होता. म्हणूनच नकाशात दार मागच्या बोळीकडे ठेवलं होतं, पूर्वेले. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. परवा पाया आखायले चुन्याची फक्की पडली आन् समोरचे महादेवराव ओट्यावरून उतरून आले. चार माणसायसमोर मले म्हणाले का, सिस्टरबाई, दार मागच्या अंगालेच राहू द्या बरं. आम्ही सकाळी देवाचं नाव घेऊन दार उघडतो, तं पहिल्यांदा तुमच्या लोकायचं तोंड नको दिसायले. आवाजही चढवला नाही. पाण्याची टाकी कुठं ठेवावी ते सांगावं, तसं सांगितलं.

या माणसाचा गोपाल जन्मला तेव्हा त्या लेकराले जगात पहिल्यांदा जे तोंड दिसलं ते माह्यं होतं. तेव्हा हाच माणूस दवाखान्याच्या दारात हात जोडून उभा होता.

तो ओट्यावर जाऊन बसला, आन् मी भाऊराव मिस्त्रीले फक्की पुसायले लावली. आता दार पश्चिमेले. बरोबर त्याच्या दारासमोर, बोटभरही इकडंतिकडं नाही. आन् त्याच्या दाराहून मोठं.

तब्येतीले जप. रागावशील तं पत्रातच रागाव, पण ताईवरचा जीव कमी करू नको.

तुझी,
सिंधूताई


अमडापूर,
३ डिसेंबर २०२३

ती. सिंधूताईस,
देवानंदचा सविनय जयभीम वि. वि.

पत्र मीच फोडलं. पायल दोनदा चहा घेऊन आली, पण मी कागद मांडीखाली ठेवला.

ताई, तू बदलली नाहीस. शाळेत एका पोरीनं तुझी पाटी फोडली, तर तू वर्षभर मुद्दाम तिच्याच शेजारी बसलीस. तिला त्रास झाला खरा, पण खिडकीजवळची जागा तुझी गेली. आता पण तेच करून राह्यली तू. आपल्या वऱ्हाडातलं उन्हाळ्याचं ऊन महादेवरावांना ओळखत नाही. ते चार वाजता तुझ्या दारातून आत येईल आणि दिवस बुडेपर्यंत तुझ्याच बैठकीत बसेल. सूड त्याच्यावर आणि भाजणार तू, हा कुठला हिशेब?

माझं ऐक. खामगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनच्या आवाजात आम्ही एकमेकांचे ओठ पाहूनच बोलायचो. कान गेल्यावर तीच सवय कामी आली. कोण काय बोलतं ते मला दिसतं, आणि दिसलं तरी न दिसल्यासारखं करता येतं. यात फार सुख आहे. घर माणसानं राहण्यासाठी बांधावं, कोणाला दाखवण्यासाठी नाही. दार पूर्वेलाच घे.

बाकी ठीक. लहान भावाच्या शहाणपणावर हसलीस तरी चालेल, माया मात्र आहे तशी राहू दे.

तुझा,
देवानंद


डोणगाव,
१८ फेब्रुवारी २०२४

चि. देवानंद यास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद वि. वि.

हसली. दार पश्चिमेलेच आहे.

घर बांधणं म्हणजे काय ते आता समजलं. मी शेकडो बाळंतपणं केली, पण एवढं आडलेलं बाळ पाह्यलं नाही. भाऊराव मिस्त्री हाताचा चांगला, पण लग्नाच्या बँडमधी ताशा वाजवते. लग्नाची तारीख असली का थापी टाकून ताशा उचलते. म्हणजे आपण पंचांग मानत नाही, पण आपलं घर पंचांग पाहून उठून राह्यलं. बाथरूमचा उतार त्यानं असा काढला का पाणी मोरीकडं न जाता स्वयंपाकघरात येते. काऊन असं केलं विचारलं, तं म्हणे, बाई, पाणी आपली वाट काढून घेते. मेहकरहून सागाची चौकट आणली ती ठेवलेल्या जागेपेक्षा वीतभर उंच निघाली. तो करवत घेऊन आला. मी म्हटलं चौकटीले हात लावू नको, भिंत फोड.

आता खरी बातमी. स्लॅबच्या आधी महादेवरावांनी आपला ट्रॅक्टर आणून बरोबर माह्या जागेसमोर लावला. गिट्टीचा ट्रक आत येईना. हटवा म्हटलं, तं चाबी गोपालजवळ आहे, गोपाल चिखलीले गेला म्हणे. गोपाल घरात जेवून राह्यला होता, मले खिडकीतून दिसत होता. मी ट्रकवाल्याले सांगितलं का बाबा, तुह्या वेळेचं नुकसान काऊन करतं, इथंच खाली कर. त्यानं सारी गिट्टी ट्रॅक्टरच्या मागं ओतली. पुढं विजेचा खांब, मागं गिट्टी. हरभरा सोंगून वावरात पडला होता. त्याले वावरातून माल आणायले ट्रॅक्टर पाह्यजे होता आन् माह्या मजुराईले दोन दिवस सुट्टी होती, कारण मिस्त्री लग्नात. शेवटी बापलेकानं घमेली घेऊन माही गिट्टी माह्या जागेत टाकली. मी खुर्ची टाकून बसली होती. कोपऱ्यात नीट लावा, एवढंच म्हटलं.

बुद्धपौर्णिमेले गृहप्रवेश आहे. दोन दिवस आधी ये. पायललेही आण, म्हणजे बातमी आपोआप पोचेल.

जेवढं रागावला असशील तेवढाच लळाही ठेव.

सिंधूताई


अमडापूर,
२७ मे २०२४

ती. ताईस,
सविनय जयभीम वि. वि.

सुखरूप पोचलो. घर मनासारखं झालं. तुझ्या स्वयंपाकघराची हवा चांगली आहे. दार पाहून प्रसेनजित म्हणाला की आत्याच्या घरात हत्ती पण वाकल्याशिवाय येईल. बाथरूममध्ये मी पाय धुतले, तर पाणी माझ्याआधी पंगतीत पोचलं. ते तेवढं भाऊरावाकडून दुरुस्त करून घे.

आता जे लिहितो ते तुझ्याजवळच ठेव. तिथं असताना सांगितलं असतं, तर तू वाढणं सोडून गल्ली ओलांडली असतीस.

वंदना झाली, सगळे जेवायला बसले. मी दारापाशी खुर्ची टाकून बसलो होतो. समोर महादेवराव ओट्यावर त्यांच्या पाहुण्याशी बोलत होते. मी बहिरा आहे हे त्यांना माहीत, म्हणून माझ्याकडे तोंड करूनच बोलत होते. मला एक एक शब्द दिसला. बाई एकटी आहे, मागंपुढं कोणी नाही. आज नळावरून, उद्या सांडपाण्यावरून थोडं थोडं सतावत राहायचं. दोन वर्षांत कंटाळून विकेल. मग आपण घेऊ आणि गोपालचं दुकान टाकू. एवढं मोठं दार दुकानालेच शोभते. असं म्हणून ते हसले, आणि माझ्याकडे पाहून हात जोडले. मी पण जोडले.

ताई, डिसेंबरात मी जे शहाणपण लिहिलं होतं ते चुलीत टाक. न दिसल्यासारखं करणं मला यावेळी जमलं नाही. तू त्या घरात राहा, आणि अशी राहा की त्या माणसाला रोज दिसलं पाह्यजे. उन्हासाठी जाड पडदा पाठवतो. दार बंद करू नकोस.

मागंपुढं कोणी नाही म्हणणाऱ्यानं मला पाह्यलं नाही, असं समज आणि माया वाढती ठेव.

देवानंद


डोणगाव,
९ जुलै २०२४

चि. देवानंद यास,
सप्रेम जयभीम, आशीर्वाद वि. वि.

तुह्यं पत्र वाचलं. उठून दाराले तेलपाणी केलं.

आता मी रोज महादेवरावाच्या आधी उठते. तो कडी काढते तेव्हा मी आंघोळ करून, पांढरं पातळ नेसून वरच्या पायरीवर चहा पीत बसली असते. नमस्कार भाऊ, म्हणते. रोज. हसून. पंधरवडाभर त्यानं पाह्यलं, मग मागच्या गोठ्यातून बाहेर पडायले लागला. पाऊसपाण्याचे दिवस, गोठ्यात शेण-चिखल. पांढरा पायजमा पोटरीपर्यंत हिरवा करून देवळात जाते. लोक विचारतात काऊन भाऊ, तं म्हणे गायीची सेवा.

त्यानंतर त्यानं जे केलं ते मी स्वतः सांगितलं असतं तरी झालं नसतं. आपल्याच ओट्यासमोर भिंत बांधली. पुरुषाच्या डोक्याच्या वर. एका बाजूनं आडवं होऊन निघता येईल एवढी फट ठेवली. गल्लीत सांगितलं का वास्तुदोष निघाला. बांधायले भाऊरावच. तो बिचारा मले विचारायले आला का बाई, तुमचं मन दुखत असेल तं नाही बांधत. मी म्हटलं बांध, चांगली उंच बांध, आन् माह्या बाथरूमसारखी करू नको, सरळ बांध.

आता त्याच्या घरात दुपारी दिवा लावा लागते. ऊन नाही, वारा नाही. मी मात्र पडदा बाजूले करून बसते. बऱ्याच दिवसानं मले भूक चांगली लागून राह्यली.

लोभाची ओल या पावसासारखीच टिकू दे.

सिंधूताई


अमडापूर,
४ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
सविनय जयभीम वि. वि.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसलो. पायल विचारत होती मामंजी एकटेच काऊन हसतात. तिला सांगितलं नाही. ती नाराज आहे.

पण एक गोष्ट टोचली. माणसानं स्वतःसाठी कोंडवाडा बांधला, हे ठीक. त्या कोंडवाड्यात अजून कोण कोण आहे? गोपाल तर दिवसभर बाहेर असतो. महादेवरावांच्या बायकोबद्दल तू एवढ्या पत्रांत एक ओळ लिहिली नाहीस. तिनं आपलं काय बिघडवलं? आणि उद्या ती तुझ्या दारात आली, तर तिला त्याच्यावर फेकायचा दगड करू नकोस. सूड घे, पण त्याचाच घे.

लहान तोंडी मोठा घास झाला असेल, तर तो गिळून टाक आणि पूर्वीसारखीच मायेत राहा.

देवानंद


डोणगाव,
६ ऑक्टोबर २०२४

चि. देवानंद यास,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद वि. वि.

उत्तर द्यायले उशीर केला, कारण खोटं लिहायचं नव्हतं.

तिचं नाव अन्नपूर्णाबाई. लग्न होऊन आली तेव्हापासून संध्याकाळी ओट्यावर बसून दाणे निवडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलायचे, एवढाच तिचा मोकळा वेळ. भिंत झाली तशी तिची गल्ली गेली. भाजीवालीही भिंत पाहून पुढं निघून जाते. पोळ्यानंतर एक दिवस ती सूप घेऊन त्या फटीतून निघाली, गल्ली ओलांडली आन् माह्या खालच्या पायरीवर येऊन बसली. बसू का, असंही विचारलं नाही. मूग निवडायले लागली.

तू म्हटलं तो दगडच मी आधी केला, देवानंद. मी मोठ्यानं म्हटलं का या अन्नपूर्णाबाई, वर या. तिच्यासाठी नाही, भिंतीपल्याड ऐकू जावं म्हणून. पण ती दुसऱ्या दिवशीही आली. मग पाणी मागितलं. मग एक दिवस आत येऊन माह्या हातचा चहा घेतला. चहा पिता पिता म्हणाली का, फक्की पडली त्या दिवशी मी ओट्यावरच होती, त्याईचं बोलणं सारं ऐकलं. माह्या बाळंतपणात तुम्ही माह्या कपाळावर हात ठेवला होता तेही आठवलं. पण त्याईच्या समोर मले आजपर्यंत बोलताच आलं नाही. एवढं म्हणून पुन्हा मूग निवडायले लागली. त्यानंतर मी मोठ्यानं बोलणं सोडून दिलं. तिच्यासाठी गादी शिवून घेतली.

त्याचं मात्र सोडलं नाही. त्याले दिवेलागणीले चहा लागते. आधी भिंतीमागून खाकरला. ते कोणाले ऐकू जाते? मग फटीतून निघाला, गल्ली ओलांडून माह्या पायऱ्याखाली येऊन उभा राह्यला. बायकोचं नाव घ्यायची त्याले सवय नाही, आन् गोपाल घरी नसते. म्हणून मलेच म्हणाला का, सिस्टरबाई, आमच्या घरच्यायले जरा पाठवता का. मी म्हटलं या ना भाऊ, आत या, बसा. आला नाही. पण आता रोज येते. रोज मलेच विचारते. साऱ्या गल्लीनं कामं लवकर आटपून ओट्यावर बसायले सुरुवात केली.

काल तो आला. मी आत गेली आन् अन्नपूर्णाबाईले सांगितलं, जरी तिले सारं ऐकू आलं होतं. तिनं सुपाकडं पाह्यलं. मूग निवडून झाले होते. तिनं ते उचलले, परातीतल्या बिननिवडल्या मुगात ओतले, हातानं सारखे कालवले आन् मले म्हणाली का, सांगा त्याईले, अजून वेळ आहे.

मी जाऊन तसंच सांगितलं.

थंडी पडायच्या आत इकडं येऊन जा. तोवर आहे तिथून जीव लावत राहा.

तुझी,
सिंधूताई