रद्द झालेला गोल

जुसारा,

बाळाला बापाचं नाव द्यायला मी घाबरतो, हे आता परत बोलू नकोस. घाबरत होतोच, पण काल इथे मस्कतला काय झालं ते ऐक.

खूप दिवसांनी माझा गोल झाला. कसलाही विचार न करता मी चेंडू जर्सीखाली पोटाशी कोंबला आणि अंगठा तोंडात घातला, आपल्याकडे बाप होणारा खेळाडू करतो तसं. आपल्याच देशाचा वांदेर्लेई गळ्यात पडून ओरडला, "अरे चोरा! कोण आहे ती?"

"जुसारा," मी म्हणालो. पहिल्यांदाच मोठ्याने.

तेवढ्यात लाइनमनचा झेंडा वर. ऑफसाइड, गोल रद्द. प्रशिक्षक बाहेरून खेकसला, "पोट रिकामं कर आणि पळ!" सगळे हसले.

तिकडे माझ्या आईने फोनवर सामना पाहिला होता. म्हणाली, "गोल धरला नाही, म्हणजे तू बाप होणार तेही धरायचं नाही."

तेव्हापासून खोलीत नुसता येरझाऱ्या घालतोय. गोल गेला, पण मी बोललो ते जात नाही. तू अजून चिडलेली आहेस, म्हणून हे पत्र टाकत नाही. पैसे मात्र निघालेत.

तुला नको असलो तरी तुझाच,
जेनिल्सन

ता.क. पैसे पाठवायच्या फॉर्मवर नात्याच्या रकान्यात या वेळी 'मैत्रीण' नाही, 'माझ्या बाळाची आई' लिहिलंय. आपल्याकडच्या चलनात दोन हजार रेआल.