नानांच्या मनगटावरची जळू

लीड्स, इंग्लंड

तीर्थरूप नाना,
सविनय जय भीम.

मी बरी आहे. थंडी फार आहे, पण आईने दिलेली गोधडी पुरते. तिचे गुडघे कसे आहेत? देवपूरला पाणी रोज येतं का?

फोन लावला की तुम्ही तो लगेच आईच्या हातात देता, म्हणून लिहिते. तुमच्या उपचारांच्या खर्चासाठी मी जादा ड्युट्या करते हे ऐकल्यापासून तुम्ही डायलिसिसला जात नाही, असं प्रशीलदादा म्हणाला. “पोरीना आंगले चिकटेल जळू शे मी,” असं म्हणालात म्हणे.

नाना, माझ्या वॉर्डातल्या एक आजी सांगत होत्या, जुन्या इंग्रजीत वैद्याला आणि जळूला एकच शब्द होता. मला पारोळ्याचे वैद्य आठवले. लहानपणी माझ्या पायाला गळू झालं होतं आणि त्यांनी लावायला काढलेली जळू बघून मी किंचाळत सुटले होते. तेव्हा तुम्ही ती आधी स्वतःच्या मनगटावर लावून घेतलीत. ती तुमचं रक्त पीत होती आणि तुम्ही माझ्याकडे बघून हसत होतात. मग कुठे मी पाय पुढे केला.

सोमवारी दादा तुम्हाला डायलिसिसला न्यायला गाडी घेऊन येईल. आता मनगट माझं आहे, नाना. तुम्ही फक्त पाय पुढे करा.

तुमचीच,
मृणाली