चिंगीचे बँड आणि कानवाला

वन्सं, सगळ्यांत आधी आला तो ढोलवाला, आणि तो काही दारात मावेना. माणूस मावला असता, अंगाने काडी आहे, पण पोटाशी हा एवढा ढोल धरलेला, त्यामुळे समोरून नुसता ढोल आणि खाली दोन पाय. मी दार उघडलं तर ढोलामागून आवाज आला, "आजी, जरा सरकता का?" सरकले. त्याच्या मागून गाणारी मुलगी आली, दोन्ही खांद्यांवर वायरींची भेंडोळी. तिने पायपुसण्यावर बूट काढून जोडीने नीट ठेवले (हे मी लक्षात ठेवलं आहे). मग जरा वेळ कोणीच आलं नाही. आणि मग जो आला, त्याच्यापायी हे पत्र लिहायला बसले आहे.

पण थांबा, मी मधूनच सुरू केलं. तुम्ही वडीलधाऱ्या, तुम्हाला आधी नमस्कार लिहायला हवा होता. तो आता लिहिते, तुम्ही तो वर लिहिलाय असं समजून वाचा. गुडघा कसा आहे? जिना चढू देतो का अजून मधल्या पायरीवर बसवतो? भाऊजींचा खोकला गेला असेल असं धरून चालते, कारण गेला नसता तर फोनवर तुमच्या मागून ऐकू आला असता. इकडे सगळे धडधाकट. माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दूरचं इतकं लख्ख दिसतं की समोरच्या इमारतीत कोण पडदे धूत नाही तेही कळतं. एवढं दिसायला लागलं की माणूस संशयी होतो, त्याला माझा इलाज नाही. कानांचं पुढे सांगते, कानांशी तर सगळी गोष्टच निगडित आहे.

तर आमची नात चिंगी. सव्वीस पुरी झाली, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवते, हात स्थिर, नजर बारीक, जीभ त्याहून बारीक. तिचं गाण्याचं वेड तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्हाला ठाऊक आहेत ते नुसते कवटीवाले. ते पहिले. काळे शर्ट, छातीवर कवटी, आणि आवाज असा की रिकामी बादली जिन्यावरून सोडून द्यावी. चार वर्षं ते चाललं. घरात सगळे वैतागलेले, चिंगी खूश. मग एके दिवशी बघते तर कवटीचा शर्ट फरशी पुसायला काढलेला. मी विचारलं, काय झालं? म्हणे, "काही नाही, आवडत नाहीत आता." चार वर्षं ज्यांच्यासाठी भिंती हादरवल्या ते एका रात्रीत आवडेनासे? मला तेव्हाच खटकलं.

कवटीवाले गेले आणि रडके आले. तीन बारीक पोरं, गिटार घेऊन जन्माचं दुःख सांगतात (इतकं दुःख एका घरात असतं का, पण यांच्याकडे होतं). रडके गेले, बूटबघे आले. हे लोक वाजवताना प्रेक्षकांकडे बघतच नाहीत, खाली आपल्या बुटांकडे बघत उभे. मी म्हटलं लाज वाटत असेल. चिंगी म्हणाली ती पद्धत आहे, रॉकमध्ये तसा प्रकारच असतो. मग एक एकटी बाई आली, ती आपल्या घरीच, स्वयंपाकघरात बसून गाणी भरते. मागे किटलीची शिट्टी ऐकू येते आणि सारखी खरखर. मी म्हटलं, मशीन बिघडलंय का? तर ती खरखर मुद्दाम ठेवलेली. असं मुद्दाम खराब केलेलं फार चांगलं असतं म्हणे. आणि या सगळ्यांत एक गोष्ट सारखी: चिंगीला जे आवडतं ते दुसऱ्या कोणाला माहीत नसावं लागतं. दुकानात कोणी विचारलं काय ऐकतेस, तर ही नाव सांगते आणि समोरचा "कोण?" म्हणाला की हिचा चेहरा असा उजळतो जणू बक्षीस मिळालं.

आता माझा संशय. पहिल्यांदा मला वाटलं, दर बँडामागे एक मुलगा आहे. मुलगा बदलला की बँड बदलतो. म्हणून मी शर्ट धुवायला टाकण्याआधी खिसे तपासायचे, ती फोनवर बोलत असताना उगीच कुंडीला पाणी घालायचे (त्यातलं रोप कुजलं). काही हाती लागलं नाही. मग एका रविवारी मटार सोलता सोलता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तुमचा भाचा, म्हणजे चिंगीचा बाप, दाढी करताना कवटीवाल्यांची चाल गुणगुणायला लागला होता, त्याच आठवड्यात शर्ट फरशीवर आला. रडक्यांचंही तेच. तुमचा भाचा लिफ्ट दुरुस्तीला एका मोठ्या दुकानात गेला, तिथल्या लिफ्टमध्ये रडक्यांचं गाणं वाजत होतं, शब्द काढून, नुसतं गोड गोड. त्याने जेवताना मोठ्या कौतुकाने सांगितलं, "अगं चिंगे, तुझं गाणं आज मी तळमजल्यापासून सहाव्यापर्यंत ऐकलं." चिंगीने चमचा खाली ठेवला. बस. रडके संपले. बूटबघे संपले ते सूनबाईने त्यांचं गाणं फोनच्या घंटीला लावून मागितलं तेव्हा. आणि ती किटलीवाली बाई, वन्सं, ती माझ्यामुळे गेली. मला ती खरंच आवडली होती. मी मटार सोलताना तीच म्हणत होते. दोन दिवसांत चिंगीने ती ऐकणं सोडलं (मी सोडलेलं नाही, ती घरात नसताना ऐकते).

नुसत्या संशयावर मी कोणाला दोष देत नाही, म्हणून परीक्षा घेतली. त्यानंतर तिने जे आणले ते नुसते किंचाळत. मला ते अजिबात सहन होईनात. तरी एक दिवस मी तिच्या खोलीत जाऊन पलंगावर बसले, मान डोलावली आणि म्हटलं, फार छान आहेत गं, रोज लाव. तिसऱ्या दिवशी घर शांत. सूनबाईने मला मिठीच मारली.

तर मुलीचा रोग कळला: घरच्यांना आवडलं की तिचं मन उडतं. हे बँडांपुरतं ठीक होतं. आता पुढचं ऐका, म्हणजे माझी झोप का उडाली ते कळेल.

गेले नऊ महिने एकच बँड चालू आहे. नऊ महिने. टायरच्या दुकानामागच्या खोलीत वाजवतात, ऐकणारे सगळे मिळून बारा, त्यांत एक त्यातल्याच एकाची आई. मला चिंगीने फोनवर त्यांचं वाजवणं दाखवलं. गाते ती मुलगी, पण त्यात ती दिसतच नाही. सगळा वेळ दिसतो तो डाव्या कोपऱ्यातला एक लांब मानेचा मुलगा, हातात चार तारांची जाडी गिटार. त्या गिटारीचा आवाज कानाला कळत नाही, पोटाला कळतो. मी विचारलं, गाणारी कुठाय? म्हणे, "हात हलला." चिंगीचा हात, वन्सं. भिंग केसभर सरकू देत नाही तो हात. आणि मग तिच्या कोटाच्या खिशात कानांच्या दवाखान्याची चिठ्ठी मिळाली. कान तपासले, उत्तम. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तशीच. मग तिसरी. जी मुलगी माझं पुटपुटणं दोन खोल्यांपलीकडून ऐकून उलट उत्तर देते, तिने महिन्यात तीनदा कान तपासून घ्यावेत?

मग मीही माझे कान तपासायला गेले. तोच तो, लांब मानेचा. दिवसा लोकांचे कान तपासतो, सुट्टीच्या दिवशी लोकांचे कान बिघडवतो, दोन्ही बाजूंनी धंदा बांधून घेतलेला. मी त्याला मनात कानवाला म्हणते. त्याने मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर लावायचं यंत्र आधी पुसलं (न सांगता, दोन्ही बाजूंनी), आणि म्हणाला, बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मी काचेतून त्याचा चेहरा बघत होते, शिट्टी सोडताना भुवई हलते का म्हणून, तर पठ्ठ्याने मान खाली घातली. बाहेर आले तर कागद बघून म्हणाला, "आजी, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. येण्याचं कारण काय लिहू?" मी पिशवीत रुमाल शोधायला लागले. मग तोच म्हणाला, "चिंगी म्हणाली होती, आजी एक दिवस येईल म्हणून." आणि मला जिन्यापर्यंत सोडायला आला, पण हात धरला नाही, नुसता एक पायरी खाली चालला. तुम्हाला सांगते, मला तो तिथेच आवडला. आणि आवडला तशी मी घाबरलेच. कारण मला आवडला म्हणजे काय होतं ते आता तुम्हालाही ठाऊक आहे.

म्हणून मी घरी कोणाला काही बोलले नाही. पण परवा टायरवाल्याने त्या खोलीत टायर भरून टाकले आणि बँडाचं सामान ठेवायला जागा राहिली नाही. चिंगी म्हणाली आठवडाभर आपल्याकडे ठेवू. तर ते आले, म्हणजे आधी ढोलवाला, मग गाणारी, आणि मग कानवाला, आणि त्याच्या मागे त्याची आई, कारण सामान तिच्या गाडीतून आणलं. मी मनात म्हटलं, घरातल्या कोणी त्याच्याशी गोड बोलू नये. कसलं काय. तुमच्या भाच्याने त्याला लिफ्टचं वजन आणि दोर कसे चालतात ते सांगायला घेतलं, आणि तो कानवाला मन लावून ऐकतोय, वर प्रश्न विचारतोय. तुमच्या भाच्याला लग्न झाल्यापासून कोणी लिफ्टबद्दल प्रश्न विचारला नव्हता. सूनबाईने ठेवणीतले कप काढले. गाणारी आणि ढोलवाला बिस्किटं खात बसले, त्यांच्याकडे कोणी बघेना. तुमचा भाचा शेवटी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणतो कसा, "असा मुलगा हवा बुवा घरात." मी चिंगीकडे बघितलं. तिने कप खाली ठेवला. तोच चेहरा, वन्सं, चमचा खाली ठेवला होता तेव्हाचा.

मला काही सुचेना. समोर दिसलं ते बोलले. म्हटलं, "बसतोस वाकडा तू. एक खांदा खाली आहे." त्याची आई माझ्याकडे बघायला लागली. आणि चिंगी ताडकन म्हणाली, "गिटार जड असते आजी. पाच किलो घेऊन उभं राहून बघ दोन तास." आणि कप उचलून त्याच्या बाजूला जाऊन बसली. म्हणजे औषध लागू पडतं. पण माझ्याकडून पुरेसं निघत नाही. मी आणखी एकदा प्रयत्न केला, म्हटलं चहा फार आवाज करून पितोस, तर तो इतका बिचारा बघायला लागला की मी माझी उशी त्याच्या पाठीला दिली. माझा स्वभावच तसा नाही. निघताना त्याची आई सूनबाईला म्हणाली की सामान न्यायला येऊ तेव्हा निवांत बसून बोलू. कशाबद्दल ते म्हणाली नाही, पण हसली. मला तेव्हापासून एकच घोर लागला आहे, की त्या दिवशी आमच्याकडची माणसं पुन्हा त्याचं कौतुक करणार, आणि हे नऊ महिनेही कवटीच्या शर्टासारखे फरशी पुसायला जाणार.

बाकी सर्व ठीक. भाऊजींना नमस्कार सांगा. तुमची, वहिनी.

ता.क. तुमची विणायची जाडी सुई माझ्याकडेच आहे, मी हरवली म्हणाले होते ते खोटं.

ता.क. दुसरा. सुई न्यायला तुम्ही स्वतःच या ना. आणि खरं सांगायचं तर सुईचं काही नाही. वन्सं, पन्नास वर्षं मी तुम्हाला बघते आहे. माझ्या लग्नात तुम्ही माझ्या चालण्याला नाव ठेवलंत, पुढे सूनबाईच्या हसण्याला, आमच्या घराच्या उजेडाला, डॉक्टरांच्या अक्षराला. मी आयुष्यभर मनात चिडत आले, आज पहिल्यांदा त्याची गरज पडली आहे. असं सहज, मनापासून, दम न लागता नावं ठेवणारं दुसरं माणूस आमच्या गोतावळ्यात नाही. त्याची मान आहे, खांदा आहे, बँड तर आहेच (खरंच वाईट वाजवतात, तिथे तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही). फक्त त्याच्या आईला काही बोलू नका, आणि तो तुमच्याशी फार गोड वागला तरी विरघळू नका. हे पत्र वाचून फाडा. चिंगीला कळता कामा नये.

ता.क. तिसरा. पाकीट बंद करत होते तेवढ्यात चिंगी आली. चष्मा पुसत पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी, ते सगळे येतील तेव्हा आत्याआजीला बोलाव ना. तिला सगळ्यांच्या आधी बोलाव." मी म्हटलं, तिला कशाला गं, ती नावं ठेवेल. तर म्हणाली, "म्हणूनच," आणि पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसायला लागली. कोण कोणाला खेळवतंय ते मला आता कळेनासं झालं आहे. तुम्ही साडेतीनलाच या. ते रविवारी चारला येतो म्हणाले आहेत.