खाणीचा नाच

सनीव्हेल, १२ जुलै २००४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘बरं’ आणि ‘ठेवते’ एवढंच बोलतेस, म्हणून पत्र लिहितेय. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही.

काल खालच्या मजल्यावरच्या ओकाडा आजी मला आणि अनन्याला सॅन होझेला त्यांच्या ओबोनला, म्हणजे जपानी सणाला, घेऊन गेल्या. आपल्या पितृपक्षासारखंच, पण हे लोक पितर घरी आले म्हणून कंदील लावून चक्क नाचतात! आजींनी एका कंदिलावर मला बाबांचं नाव लिहायला लावलं. बाबांना जाऊन चार महिने झाले आणि त्यांच्यासाठी मी केलेलं हे पहिलंच काही.

मग एक नाच सुरू झाला. दोनदा खणायचं, खांद्यावरून मागे टाकायचं, कपाळाला हात लावून बघायचं, गाडी ढकलायची. आजी म्हणाल्या, हा कोळसा खाणकामगारांचा नाच. आई, तीस वर्षं खाणीत उतरलेल्या माणसाची मी मुलगी. भर रस्त्यात उभी राहून रडले. अनन्याने आजींना विचारलं, मम्मीला स्टेप्स येत नाहीत म्हणून रडतेय का.

बाबा गेले तेव्हा व्हिसाचे कागद अडकले होते, मी निघाले असते तर परतता आलं नसतं, हे तुला दहादा सांगून झालं. तरी मी यायला हवं होतं. रागासकट लोभ असू दे.

तुझी,
आसावरी


चंद्रपूर, २९ जुलै २००४

चि. आसावरीस,
अनेक आशीर्वाद.

शेजारच्या सुमित्रावहिनींना पत्र वाचून दाखवलं. पितरांसाठी नाचतात हे ऐकून त्यांनी कानांवर हात ठेवले, आणि मग स्टेप्स पुन्हा वाचायला लावल्या. अंगणात आम्ही दोघींनी करून पाहिलं. गुडघे कुरकुरले. आजींना सांग, कोळसा असा मागे टाकला तर मागच्याच्या डोक्यात बसेल!

रागावले मी होतेच. पण एक गोष्ट तुझ्यापासून लपवली. दवाखान्यात ह्यांनी मला बजावलं होतं, की आसूला बोलावू नकोस, तिचे कागद बिघडतील. मीच नको म्हणालो असं तिला सांग, असंही म्हणाले. पुढचं सगळं मला एकटीला निभवावं लागलं, त्या रागात तो निरोप मी दाबून ठेवला. चार महिने तुला उगाच जाळलं. माझं चुकलं, बाळा.

कागद झाले की ये, अंगणात नाचू. गाडी ढकलताना मान मात्र खाली घाल. खाणीत छत बुटकं असायचं; आपल्या उंच दारातूनसुद्धा ते वाकूनच आत यायचे.

लोभ होता तेवढाच आहे. फोन आता तू म्हणेपर्यंत ठेवणार नाही.

तुझी,
आई