उर्वशीचे पाहुणे अन् नाल्याकडचा मोह

१८ मार्च
उर्वशी म्हणते, आपल्याले तज्ज्ञ व्हा लागते! नात माझी, मोठ्या पोराची. चंद्रपूरले हॉटेलचं शिकून आली अन् मागच्या दोन खोल्या सारवून पाहुणे ठेवून राह्यली. दोन खोल्या, एक म्हैस, एक बुढी — एवढं आमचं जंगलाकडेचं हॉटेल. त्यात तज्ज्ञ कोन? म्हैस असंल.

पण गोष्ट हासण्यावारी न्यायची नाई. पुण्याच्या हॉटेलातून तिले नोकरीचं बलावणं आहे, मे महिन्याच्या एक तारखेले हजर व्हायचं. लोकांचा भरोसा बसून पाहुणे येऊ लागले तर राहीन, नाई तर जाईन म्हणते. बॅग खाटेखाली काढून ठेवली आहे. मी झाडताना रोज त्या बॅगेले झाडू मारतो. जरा जोरातच.

२० मार्च
आज उर्वशीनं माझा क्लास घेतला. दुसरीत शाळा सुटली, ती आता पुन्हा भरली. पाहुण्यानं काई विचारलं तर 'माहीत नाई' म्हणायचं नाई. तज्ज्ञ माणूस तसं म्हणतच नाई म्हणे. म्या विचारलं, मंग खरंच माहीत नसलं तर? तर हासायचं अन् दुसऱ्या गोष्टीवर न्यायचं.

हे तर तिचा आजा जन्मभर करत आला. त्याले कोनी तज्ज्ञ नाई म्हटलं.

२१ मार्च
शेजारची सत्यशीला विचारून गेली, "काय वं तज्ज्ञबाई, माझी कोंबडी कुठी अंडे देते सांग!" मी हासली अन् तिले चहा पाजला. असे रोज चहा पाजले तर दूध उरत नाई.

२६ मार्च
नागपूरच्या इंदुताई आल्या. रिटायर मास्तरीण, संगं बहीण. मास्तरीण म्हटलं का मले अजून हात मागं लपवावे वाटते. जेवताना त्यांनी विचारलं, वाघ दिसंल का? उर्वशी डोळे मोठे करून माह्याकडं पाहून राह्यली. मी हासली अन् वांगं वाढलं. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा वांगं. तिसऱ्यांदा त्याच म्हणाल्या, "आजी, वांगं पुरे."

२७ मार्च
उर्वशीनं जाहिरातीत टाकलं होतं — पहाटे आजीसंगं मोहफुलं वेचा. तं गेलो. बांधावरच्या दोन झाडाखाली फुलंच फुलं. दोघी बहिणी लेकरावाणी वेचून राह्यल्या. पण उर्वशीले फोटोसाठी नाल्याकडचा मोह पाह्यजे. मास्तरीणले घेऊन पुढं निघाली, फोन वर धरून.

म्या दुरून पाह्यलं. झाड फुलांनी लदलेलं अन् खाली एक फूल नाई! काल सांजी म्याच तिथं झाडून ठेवलं होतं. रातभर गळलेली फुलं गेली कुठी?

ओरडली नाई. जाऊन उर्वशीची वेणी धरली. ती म्हणे, "काय आहे आजी? अस्वल आहे का?" मास्तरीण माह्या तोंडाकडं पाहून राह्यली. हासायचं होतं. वांगंही नव्हतं संगं.

म्हटलं, "मले माहीत नाई. फुलं कोन खाल्ली माहीत नाई. चितळ असंल, अस्वल असंल. गेलं का अजून झुडपात आहे, तेही माहीत नाई. अन् माहीत नाई तवरक जायचं नाई."

मागं फिरलो. पोरीनं फोन खाली घेतला. फोटो गेला, नियमही गेला.

दुपारी लटारू गुराखी सांगे, नाल्यात अस्वलाच्या पंजाचे ठसे आहेत. सत्यशीला म्हणते, लटारूले शेळीचे खुरही अस्वलाचेच दिसतात. म्हणजे अजूनही माहीत नाईच.

२९ मार्च
इंदुताई गेल्या. जाता जाता फोनवर सगळ्यांसाठी लिहून गेल्या. उर्वशीनं वाचून दाखवलं — 'इथल्या आजी माहीत नसलं तर माहीत नाही म्हणतात. म्हणून त्या जे सांगतात, त्यावर विश्वास बसतो.' तिनं दोनदा वाचलं. म्हटलं, तिसऱ्यांदा वाच, मंग वांगं देतो.

१७ एप्रिल
फोन येऊन राह्यले! आता उर्वशीच फोन माह्या कानाले लावते. अमरावतीचा एक जण विचारे, लहान लेकरू घेऊन मे महिन्यात येऊ का? म्हटलं नोको, भाजून निघंल लेकरू, दिवाळीनंतर या. तो म्हणे, बरं झालं सांगितलं, दिवाळीनंतरची खोली धरा.

असे चार झाले. सगळे थंडीतले. मे रिकामाच. लय खरं बोलली का मी?

२९ एप्रिल
बॅग खाटेवर आली. कपडे घड्या घालून आत. परवा हजर व्हायचं.

३० एप्रिल
सकाळी उर्वशी चुलीजवळ येऊन बसली. "आजी, खरं सांग. चालंल का आपलं हे?"

हो म्हणायले जीभ उचललीच होती.

म्हटलं, "मले माहीत नाई वं."

तिनं चहा संपवला. मंग म्हणे, "माहीत नाई तवरक जायचं नाई." अन् बॅगेतले कपडे काढून दोरीवर वाळत टाकले. कोरडेच होते.