अठ्ठेचाळीस आकड्यांची चाबी

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात साधा मोबाइलही नव्हता. पण तुम्ही राईस मिलचे मिस्त्री, यंत्राचं बोलणं तुम्हाला कळायचंच. तुमच्या नातीला नवा लॅपटॉप घेतला. त्यात शेजारी-शेजारी दोन सिस्टीम बसवता येतात. चालू करताना तो विचारतो, आज कुठली हवी. दुकानातून तो विंडोज घेऊन आला, कॉलेजच्या कामाला तिला लिनक्सही हवं होतं. मी म्हटलं, बाहेर कशाला देतेस, मी करते. पंधरा वर्षं गोंदियात कॉम्प्युटरचा क्लास चालवते, असल्या कितीतरी मशीन हाताखालून गेल्या. हा तोराच नडला.

आधी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर काढायच्या, मग विंडोजमधूनच जागा मोकळी करायची आणि तेवढ्याच जागेत दुसरी सिस्टीम टाकायची. हे मी पोरांना फळ्यावर लिहून देते. स्वतः मात्र पहिली पायरीच गाळली. डिस्क क्लासमध्ये राहिली होती आणि उठून जायचा कंटाळा आला. लिनक्स झकास बसलं. मग विंडोज उघडायला गेले, तर निळ्या पडद्यावर अठ्ठेचाळीस आकड्यांची चाबी मागायला लागलं. नव्या लॅपटॉपची डिस्क आतून कुलूपबंद असते, सुरू होण्याची सेटिंग बदलली की चाबी मागते. आमच्या क्लासच्या जुन्या मशीनना असलं कुलूप नव्हतंच. लॅपटॉप पहिल्यांदा ज्या ईमेल खात्यावर सुरू केला, त्या खात्यात ती चाबी असते. ते खातं दुकानदारानं उघडलं होतं. त्यानं मला विचारलं होतं, "मॅडम, आपका ईमेल?" आणि क्लासची वेळ झाली म्हणून मीच म्हटलं होतं, "कुछ भी डाल दो भैया, बाद में बदल लेंगे." परवा त्याच्याकडे धावत गेले. तो बिचारा खरंच आठवत बसला, मग म्हणाला, "उस दिन दस लॅपटॉप चालू किए मॅडम, किसमें क्या डाला, अब कैसे बताऊँ?"

आत काय आहे ते लिहायला हात धजत नाही. पोरगी वर्षभर सालेकसाकडच्या गावांत हिंडली, गोंडी बोलणाऱ्या म्हाताऱ्यांची गाणी तिनं रेकॉर्ड केली. तिचा सगळा प्रबंध त्यावर उभा आहे. त्यातली एक आजी दिवाळीनंतर वारली. तिचं गाणं दुसरीकडे कुठेच नाही. पोरीचा फोन भरला तेव्हा मीच सल्ला दिला, लॅपटॉपवर टाक आणि फोनमधलं पुसून टाक.

मला सारखी ती सहावीतली दुपार आठवते. आईची शिलाई मशीन मी खोलून बसले आहे, सगळे सुटे भाग पितळी थाळीत. तुम्ही मिलमधून येता, भुवयांवर कोंडा, आणि दारातच थबकता. "काऊन वं, खोलाच्या आंधी खुना काऊन नाही केल्या?" मिलमध्ये पट्टा उतरवायच्या आधी तुम्ही पट्ट्यावर न् पुलीवर खडूनं खूण करायचात, मालक कितीही घाई करो. मी रडले तरी तुम्ही हात लावला नाही. "तूच खोलली, तूच लाव." चार दिवस आई हातानं शिवत राहिली. पाचव्या दिवशी मशीन चालली आणि तुम्ही खिशातून मिलमधला अर्धा खडू काढून मला दिलात. त्या मशीनचे सगळे भाग थाळीत तरी होते, बाबा. इथे माझ्या हाताशी काहीच नाही. लिनक्समधून ती कुलूपबंद जागा दिसते, केवढी आहे तेही दिसतं, पण उघडत नाही. आठवतील तेवढे ईमेल घालून पाहिले, दुकानदाराचे, त्याच्या भावाचे, दुकानाच्या पाटीवरचा. ओळखीच्या सगळ्या जाणकारांना विचारलं. सगळे आधी चाबी मागतात आणि नाही म्हटलं की हात वर करतात. मला भीती वाटते. कुठल्याच आईला पोरीसमोर वाटू नये अशी भीती.

काल दुपारी तिला सांगितलं. भात वाढता वाढता म्हटलं, लॅपटॉपच खराब निघाला, आपोआप बंद पडला, आतलं काही येत नाही. तिनं ताट बाजूला सारलं. मग उठली, हात धुतले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "तू कायले रडून राहिली आई? तीन दिवसांपासून तू त्याच्यासमोर बसून आहे, मले काय दिसत नाही का? तुह्याकडून नाही झालं तं कोणाकडूनच होत नव्हतं." मी तिला बोलू दिलं. आज सकाळी ती सालेकसाच्या गाडीनं गेली, उरलेल्या आज्यांना पुन्हा गायला सांगायला. जी वारली तिच्या सुनेलाही भेटणार आहे, माफी मागायला.

माफी मी मागायला हवी होती. हे पोरीला लिहायला कागद घेतला होता, बाबा, आणि पहिलाच शब्द तुमच्या नावाचा लिहिला गेला.