नववा नियम

४ मार्च

एकसष्ट! आज सकाळी एकसष्टाव्या मुलीने व्रत घेतलं. आवाज थरथरत होता, पण एक शब्द चुकली नाही. मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. नम्रपणाने नव्हे — हसू लपवायला.

एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही दोघीच होतो, मी आणि शिंपीण. तिचं दुकान बंद पडलेलं. मागच्या खोलीत तिचा पलंग, पुढे कापड बेतायचं लांब टेबल. त्या टेबलावर मी झोपायचे. ती म्हणायची, "कूस बदलू नकोस, कात्री आहे तिथे." आज रोज सकाळी जोड्या बाहेर पडतात, सव्वाशे घरांत जातात. ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही त्यांना धुतात, भरवतात, त्यांची नखं कापतात, चादरी बदलतात. सव्वाशे!

शुक्रवारी पापनिवेदनात सांगावं लागणार — गर्व. फादर विचारतील, "पुन्हा?"

हो, पुन्हा.

७ मार्च

बिशपनी पाठवलेले तपासनीस फादर आले. रोड, मितभाषी, बुटांचा आवाज मात्र फार. महिनाभर राहून आमची नियमपुस्तिका ओळीओळीने तपासणार. त्यांचा अहवाल चांगला गेला, तर संघाला कायमची मान्यता. नाहीतर आम्ही आपल्या 'काही भल्या बायका'च राहणार.

चौथ्या नियमाशी थांबले. रुग्णाला सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. 'आता डावा हात घेते', 'आता पाठ पुसते' — असं प्रत्येक वेळी म्हणायचं.

"शुद्धीत नसलेल्या माणसालाही?"

"त्याला तर आधी," शिंपीण म्हणाली.

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मी वाकून पाहायचा प्रयत्न केला. अक्षर दिसलं नाही.

नवव्या नियमाशी पुन्हा थांबले. कुणीही आपल्या सख्ख्या नातेवाइकाच्या घरी सेवेला जाणार नाही. रविवारी अर्धा तास भेटायला जाता येतं — खुर्चीत बसायचं, बोलायचं, निघायचं.

मी कारण सांगितलं. दुसऱ्याच वर्षी आमच्यातली एक मुलगी तासाभरासाठी आपल्या आजारी मावशीकडे गेली ती दोन दिवसांनी उगवली. त्या दोन दिवसांत एक म्हातारा चांभार ओल्या अंथरुणात पडून होता. त्याला विचारणारं दुसरं कुणीच नव्हतं. ज्याचं कुणी नाही त्याच्या वाट्याला उरलंसुरलं यायला नको, म्हणून हा नियम.

"फार कठीण नियम आहे," फादर म्हणाले. "कुणी लिहिला?"

"मी."

आवाज असा निघाला, जणू कुणी छातीवर पदक लावतंय!

११ मार्च

सकाळी दादा आला. आजवर या दारात कधी उभा राहिला नव्हता. आईची डावी बाजू गेली, म्हणाला. काल जेवता जेवता. डॉक्टर म्हणतात आता उठणार नाही. वहिनीला दिवसभर कारखान्यात जावं लागतं, त्यालाही.

"तू ये," म्हणाला.

"दोघींना पाठवते, उद्यापासून. रोज."

"मी दोघी मागितल्या नाहीत. तू ये."

नियम सांगितला. तो मग म्हणाला, "साऱ्या शहराच्या आया धुतेस. आपलीच तेवढी वर्ज्य!"

त्याच्या पाठीमागे आमची लांबडी — उंचीमुळे सगळ्या तिला हेच म्हणतात — चादरींचा गठ्ठा घेऊन उभी होती. सगळं ऐकलं तिने. गठ्ठा घेऊन आत गेली. ती कधीच बोलत नाही.

१२ मार्च

फळ्यावर जोड्या लिहिताना खडू मोडला. आईच्या गल्लीची पाळी कुणाची, ते मी ठरवलं नव्हतं. रांगेने येते तशी आली — शिंपीण आणि लांबडी.

लांबडीबद्दल इथे कधी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं. तीन वर्षांपूर्वी तिचे वडील असेच अंथरुणाला खिळले. इथून वीस मिनिटांवर. मी तिला नववा नियम सांगितला. ती "बरं, मदर" म्हणाली. तिला एकाच रविवारचा अर्धा तास मिळाला. पुढच्या गुरुवारी ते गेले, तेव्हा ती एका निवृत्त पोस्टमनची दाढी करत होती. संध्याकाळी मी तिला सांगितलं. पुन्हा "बरं, मदर."

त्या वर्षी मी नव्या मुलींना तिचं उदाहरण द्यायचे. नाव न घेता. पण सगळ्यांना कळायचं.

१४ मार्च

आईकडची हकिकत शिंपिणीने हावभाव करून सांगितली. डावी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत. लांबडी दारातून आत शिरली तर चौकट कपाळाला लागली. आई म्हणाली, "एवढी उंच! हिला रस्त्यावरचे दिवे पुसायला ठेवायची सोडून माझ्याकडे कशाला पाठवली?"

लांबडी म्हणाली, "दिवे पुसून झाले, आजी. आता तुमचा नंबर. उजवा हात घेते."

आईने चमचा फेकला. मग उजवा हात दिला.

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. कसं काम करतात माझ्या पोरी! लांबडीला विनोद सुचतो हे मला माहीतच नव्हतं.

१६ मार्च, रविवार

अर्धा तास. खुर्चीत बसले.

आई किती लहान झाली आहे. केस मात्र नीट विंचरलेले, मधोमध भांग. लांबडीने काढलेला. आईचा भांग नेहमी डावीकडे असतो. सांगायला हवं.

"कोण आलंय?" आईने दादाला विचारलं. तिला पक्कं ठाऊक होतं.

"टिल्ली." घरात मला हेच म्हणतात.

"पाहुणी आहे ना? मग पाणी द्या तिला."

पाणी प्यायले. तिच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती. रुमाल माझ्या हातात होता. मी दादाकडे बघितलं, त्याने पुसली.

एकोणतिसाव्या वर्षी मी घर सोडलं तेव्हा आई म्हणाली होती, "लोकांची घाण काढायला जातेस, सांगू काय मी शेजारणींना?" एकदाही आमच्याकडे आली नाही. मला वाटायचं, एकदा येऊन बघ तरी. टेबलावर झोपणाऱ्या पोरीने काय उभं केलंय ते!

निघताना म्हणाली, "त्या लांब पोरीचे हात गरम असतात."

माझेही गरम असतात, आई.

१९ मार्च

शिंपीण चिडली. "तूच लिहिलास ना नियम? मग तूच खोड की! पुस्तिकेत बदलायला तुला दिवस लागतील, फळ्यावर आमची नावं पुसून तुझं लिहायला एक फटका पुरे."

"आणि लांबडीला काय सांगू?"

तिने हातातला खडू खाली ठेवला.

खरं कारण तेच का? की दोन खोल्यांपलीकडे तपासनीस फादर बसलेत म्हणून? की एकोणीस वर्षांत एकदाही नियम मोडला नाही, हे मला फार आवडतं म्हणून? अवघड जागी ठाम उभं राहण्यातही एक चव असते. ती मला चांगलीच लागली आहे.

२२ मार्च

आईने दोन दिवस काही खाल्लं नाही.

२५ मार्च

आजचं आजच लिहायला हवं!

जेवणानंतर विश्रांतीचा तास. मी अंगणात, फादर व्हरांड्यात पुस्तिका वाचत होते. फाटकापाशी गडबड. बघते तर लांबडी आणि कामावर दांडी मारलेला दादा एक खुर्ची उचलून आणताहेत, शिंपीण पुढून "बाजूला व्हा, बाजूला व्हा!" करत येतेय, आणि खुर्चीत चादरीने बांधलेली माझी आई! रस्त्यातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. आईने उजवा हात हलवून दाखवला.

"तू येत नाहीस," आई म्हणाली, "मग आले मीच."

मी लांबडीकडे पाहिलं. तिला धाप लागली होती. म्हणाली, "मदर, घरी गेलं की पाय निघत नाही, म्हणून नियम आहे ना? त्या इथे आल्या तर कुणाचीच पाळी बुडत नाही. हा तास तुमचा स्वतःचा. तासाने आम्ही परत पोचवू. रोज."

मी फादरांकडे वळले. ते उठले, बूट वाजवत आले, पाहुण्यांच्या खोलीचं दार उघडलं आणि धरून उभे राहिले.

पाणी शिंपिणीने आधीच तापवून ठेवलं होतं. दोन पातेली, एक साबणाचं, एक साधं. मी बाह्या वर केल्या. एकसष्ट मुलींना शिकवलेलं वाक्य आता मला म्हणायचं होतं.

"आई, आता डावा हात घेते."

"घे. त्याला काही कळत नाही."

"तरी सांगायचं असतं."

बोटं एकेक करून उघडली. तळव्यात भाताची दोन शितं वाळून चिकटली होती. पुसली. भांग डावीकडे काढला. मग तिला अंगणातून फिरवलं. फळा दाखवला, सव्वाशे घरं. तिने सगळा वाचला, ओठ हलवत.

"हे सगळं तुझं?"

"आमचं."

"हं." मग फळ्याकडेच बघत, "शेजारणींना सांगते."

आणि पेजेची अख्खी वाटी संपवली!

४ एप्रिल

फादर आज गेले. अहवाल मला वाचून दाखवला — कायमच्या मान्यतेची शिफारस! नवव्या नियमावर पूर्ण पान. "कठोर, आणि तरीही त्यात वाट आहे," असं लिहिलंय. मी तीनदा वाचायला लावलं. शिंपीण त्या जुन्या टेबलावर चढून नाचली, या वयात! आई रोज येते. आता चौकटीतून जाताना तीच ओरडते, "लांबडे, डोकं!"

५ एप्रिल

चादरी वाळत घालताना लांबडीला विचारलं, खुर्चीची युक्ती तुला सुचली कधी?

"तीन वर्षांपूर्वी, मदर. बाबांसाठी. विचारायला तुमच्या दारापर्यंत आले होते. तुम्ही आत नव्या मुलींना नववा नियम समजावत होता." चिमटा लावला. "इतक्या अभिमानाने सांगत होता, की मी परत फिरले."

शेवटी तिच्या वडिलांचा हात कुणी धरला होता, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.